उघड्या दाराचें कॉलेज

कॉलेज म्हटलें कीं आपल्याकडील सुशिक्षित कुटुंबांच्या डोळ्यांपुढें एक ठराविक चित्र उभें राहतें. दगडी इमारत, तिच्या मागें वसतिगृह, खानावळीची घंटा, जिमखान्याचें मैदान, हिवाळ्यांतील स्नेहसंमेलन, आणि सतरा-अठरा वर्षांचीं, जवळजवळ एकाच वयाचीं मुलें-मुली. अमेरिकेंतील नामांकित विद्यापीठांचें चित्रहि याहून फारसें निराळें नाहीं. परंतु त्याच देशांत दुसऱ्या एका जातीचीं कॉलेजें आहेत. त्यांतील बहुतेकांना वसतिगृह नाहीं. प्रवेशासाठीं चुरस नाहीं. हायस्कूल पुरें केलेल्या कोणासहि तेथें नांव घालतां येतें. संध्याकाळीं इतर कॉलेजें ओस पडूं लागतात तेव्हां यांच्या मोटारतळावर गर्दी सुरू होते. एकाच बांकावर अठरा वर्षांची मुलगी, गॅरेजांतून परभारें आलेला तिशींतला कामगार आणि दोन मुलांची चाळिशीची आई अशीं शेजारीं शेजारीं बसलेलीं दिसतात. या संस्थांना कम्युनिटी कॉलेज म्हणतात. मराठींत ‘गांवचें कॉलेज’ म्हटलें तर अर्थ बरोबर उतरतो. अशीं सुमारें एक हजार कॉलेजें आज अमेरिकेंत आहेत, आणि पदवीपूर्व वर्गांतील दर तीन विद्यार्थ्यांपैकीं एकाहून अधिक विद्यार्थी त्यांतच शिकत असतात.

अशा कॉलेजांत विद्यार्थ्याला कोणकोणत्या संधि मिळतात, आणि जेथें रात्रीं कोणी राहतच नाहीं तेथें विद्यार्थ्यांचें सामुदायिक जीवन तरी कसें असूं शकतें, हे प्रश्न वरवर पाहतां करमणुकीचे वाटतील. पण ते तसे नाहींत. घेतलेलें शिक्षण पुरें होणार कीं अर्ध्यावर सुटणार, हें या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर पुष्कळसें अवलंबून असतें.

या संस्थेचा उगम मोठा साधा आहे. इलिनॉय संस्थानांत शिकागो शहराजवळ जोलिएट नांवाचें गांव आहे. तेथील हायस्कुलाचे मुख्याध्यापक जे. स्टॅन्ले ब्राऊन आणि शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर या दोघांच्या विचारांतून १९०१ सालीं तेथें एक सार्वजनिक ज्युनिअर कॉलेज निघालें. ज्या मुलांना गांव सोडून विद्यापीठांत जाणें परवडत नव्हतें, त्यांनीं पहिलीं दोन वर्षें घरीं राहूनच शिकावें आणि मग विद्यापीठाच्या वरच्या वर्गांत जावें, एवढीच मूळ कल्पना. पहिल्या वर्गांत विद्यार्थी होते अवघे सहा.

पुढें दुसऱ्या महायुद्धानें या कल्पनेचा विस्तार केला. रणांगणावरून परतणाऱ्या सैनिकांना शिक्षणाचा खर्च देणारा कायदा १९४४ सालीं झाला, आणि वय वाढलेले, संसार मांडलेले पुरुष पुन्हां वर्गांत येऊन बसूं लागले. १९४६ सालीं अध्यक्ष ट्रूमन यांनीं उच्च शिक्षणाचा विचार करण्यासाठीं एक समिति नेमली. देशांतील निदान शेंकडा ४९ लोकांना चौदा वर्षांचें, म्हणजे हायस्कुलानंतर आणखी दोन वर्षांचें, शिक्षण झेपण्याइतकी बुद्धि आहे, असें तिनें १९४७ च्या अहवालांत नमूद केलें. अडचण बुद्धीची नसून पैशाची, अंतराची आणि वर्णभेदाची आहे, असा त्याचा रोख होता. ‘कम्युनिटी कॉलेज’ हें नांव सर्वत्र रूढ झालें तें या अहवालानंतर. ‘ज्युनिअर’ या शब्दांत धाकटेपणाचा भास होता. नव्या नांवानें कॉलेजाचें नातें थेट आसपासच्या लोकांशीं जोडलें. १९६० सालीं कॅलिफोर्निया संस्थानानें उच्च शिक्षणाची एक योजना आंखून या कॉलेजांना विद्यापीठांच्या रचनेंत पहिल्या पायरीचें रीतसर स्थान दिलें. आज एकट्या कॅलिफोर्नियांत अशीं ११६ कॉलेजें आहेत.

येथें काय शिकवितात? मुख्य प्रवाह दोन. पहिला प्रवाह पदवीकडे जाणाऱ्यांचा. भाषा, गणित, इतिहास, रसायन वगैरे विषयांचीं पहिलीं दोन वर्षें पुरीं करून विद्यार्थी दोन वर्षांची पदवी घेतो, आणि मग विद्यापीठाच्या तिसऱ्या वर्षांत दाखल होऊं शकतो. दुसरा प्रवाह धंदेशिक्षणाचा. परिचारिका, क्ष-किरण यंत्रें चालविणारे, वीजकाम व वेल्डिंग करणारे, मोटार दुरुस्त करणारे, वकिलांच्या कचेरींतील साहाय्यक असे नाना प्रकारचे लोक येथें तयार होतात. याखेरीज नव्यानें आलेल्या परदेशी लोकांसाठीं इंग्रजीचे वर्ग असतात, आणि हायस्कूल अर्धवट सोडलेल्यांना तें पुरें करण्याची सोय असते. खर्चाचें मान पाहिलें तर २०२४-२५ सालीं स्थानिक रहिवाशाची वार्षिक फी सरासरीनें सुमारें चार हजार डॉलर होती. सरकारी विद्यापीठांत त्याच संस्थानच्या रहिवाशाला साडेअकरा हजारांच्या वर मोजावे लागत. टेनेसी संस्थानानें तर २०१४ सालीं कायदा करून हायस्कुलांतून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलांना हें शिक्षण बिनफीचें केलें. मात्र त्याबद्दल प्रत्येक सत्रांत आठ तास कांहीं तरी लोकसेवा केली पाहिजे, अशी अट घातली. फी माफ करतांना गांवाशीं असलेलें देणें विद्यार्थ्याच्या लक्षांत राहावें, असा त्यांतील हेतु उघड आहे.

आतां विद्यार्थी कोण, हें पाहूं गेलें तर सरासरी वय सत्तावीस-अठ्ठावीसच्या आसपास भरतें. सुमारें दोन-तृतीयांश विद्यार्थी पूर्णवेळ नसतात. नोकरी सांभाळून सत्रास दोन किंवा तीन विषय घेतात. अनेकांच्या घराण्यांत कॉलेजाची पायरी चढणारे तेच पहिले. न्यूयॉर्क शहराच्या क्वीन्स भागांतील लाग्वार्डिया कम्युनिटी कॉलेज हें याचें चांगलें उदाहरण आहे. १९७१ सालीं एका जुन्या कारखान्याच्या इमारतींत तें सुरू झालें. वर्गांतील शिक्षणाला प्रत्यक्ष कचेरींतील किंवा कारखान्यांतील उमेदवारीची जोड द्यावयाची, हें त्याचें आरंभापासूनचें वैशिष्ट्य. भारतीय दुकानांसाठीं प्रसिद्ध असलेली जॅक्सन हाइट्सची पेठ याच क्वीन्समध्यें आहे, आणि कॉलेजाच्या वर्गांतहि जगाच्या कोनाकोपऱ्यांतून आलेलीं माणसें एकत्र बसतात. घरीं एक भाषा, कामावर दुसरी आणि वर्गांत तिसरी, अशी त्यांतील कित्येकांची दिनचर्या असते.

अशा माणसांचें एकत्र जीवन जुळवावयाचें तर तें आपोआप जुळत नाहीं. त्यासाठीं मुद्दाम जागा आणि वेळ काढावा लागतो. म्हणून अनेक कम्युनिटी कॉलेजांत आठवड्यांतून एकदोनदां दुपारचा तासभर एकहि वर्ग भरवीत नाहींत. या मोकळ्या तासांत मंडळें भरतात: वादविवादाचें, बुद्धिबळाचें, नाटकाचें, यंत्रमानव तयार करणाऱ्यांचें, परिचारिका होऊं पाहणाऱ्यांचें, निरनिराळ्या देशांतून आलेल्यांचें. विद्यार्थ्यांचें निवडून दिलेलें मंडळ असतें, आणि विद्यार्थ्यांकडून जमा होणाऱ्या वर्गणीचा कांहीं भाग कशावर खर्च व्हावा हें तें ठरवितें. कॅलिफोर्नियांत तर कॉलेजाचा कारभार पाहणाऱ्या विश्वस्त मंडळावर विद्यार्थ्यांच्या प्रतिनिधीस जागा असते. अनेक कॉलेजें विद्यार्थ्यांनीं चालविलेलें वर्तमानपत्र काढतात, संघ मैदानांत उतरवितात, गांवकऱ्यांस खुलीं असलेलीं नाटकें व संगीताचे जलसे करतात.

अभ्यासांत पुढें असणाऱ्यांसाठीं फाय थीटा कॅपा नांवाची मानाची संस्था आहे. मिसूरी संस्थानांत १९१८ सालीं ती स्थापन झाली. विद्वत्ता, नेतृत्व, सेवा आणि स्नेह हीं तिचीं चार ब्रीदें. तिच्या सभासदत्वाला नुसती शोभेची किंमत नाहीं. तिच्या सभासदांना प्रवेश देतांना अनेक विद्यापीठें वेगळ्या शिष्यवृत्त्या देतात. गरजू विद्यार्थ्यांस ग्रंथालयांत, प्रयोगशाळेंत किंवा कचेरींत कांहीं तास काम देऊन त्याचें वेतन मुख्यतः सरकारी मदतींतून देण्याची योजना १९६४ पासून आहे. दुबळ्या विद्यार्थ्यास गणित किंवा निबंध समजावून देण्याचें काम पुष्कळदां वरच्या वर्गांतील विद्यार्थ्याकडेच असतें; त्याला चार पैसे मिळतात आणि शिकविण्याची संवयहि लागते.

इथवरचें वर्णन ऐकून कोणासहि वाटेल कीं ही व्यवस्था सर्वांगपरिपूर्ण आहे. तसें नाहीं, आणि खरा प्रश्न येथूनच पुढें सुरू होतो. कम्युनिटी कॉलेजांत प्रथम पाऊल टाकणाऱ्यांपैकीं शेंकडा ऐंशींच्या आसपास विद्यार्थ्यांची इच्छा पुढें चार वर्षांची पदवी घेण्याची असते. प्रत्यक्षांत विद्यापीठांत पोंचतात ते सुमारें एक-तृतीयांश. आणि सहा वर्षांच्या आंत ती पदवी हातीं पडते ती साधारणपणें सहांपैकीं एकाच्या. जें दार आंत येण्यास सताड उघडें, तेंच बाहेर जाण्यासहि उघडें असतें.

हे विद्यार्थी जातात कोठें आणि कां? परीक्षेंत नापास होऊन गेले, असें समजणें चुकीचें ठरेल. पुष्कळांच्या बाबतींत कारण अगदीं लहान असतें. कामाची पाळी बदलली आणि वर्गाची वेळ चुकूं लागली. मूल आजारी पडलें. मोटार बिघडली आणि बसच्या भाड्याची तरतूद नव्हती. पुस्तकांची किंमत फीच्या तोडीस तोड निघाली. विद्यापीठानें पूर्वीं पुरे केलेले कांहीं विषय धरले नाहींत, आणि तेच पुन्हां करणें आलें. यांपैकीं प्रत्येक अडचण सुटण्यासारखी असते. पण ती वेळेवर कोणाच्या तरी कानीं जावी लागते. वसतिगृहांत राहणारा मुलगा दोन दिवस जेवणास दिसला नाहीं तर शेजारचा त्याच्या खोलीचें दार ठोठावतो. जो विद्यार्थी कामावरून थेट वर्गांत येतो आणि वर्गांतून थेट घरीं जातो, तो एके दिवशीं आला नाहीं तर तें कोणाच्या लक्षांतहि येत नाहीं. तो भांडून जात नाहीं, नांव काढून घेत नाहीं. पुढच्या सत्रांत दिसत नाहीं इतकेंच.

म्हणूनच या कॉलेजांत सामुदायिक जीवन ही अभ्यासाच्या वेळेंतून उरलेली चैन नव्हे. माणसाची गैरहजेरी दुसऱ्या माणसास जाणवावी अशी ती व्यवस्था आहे. ही गोष्ट केवळ तर्कानें नव्हे, तर प्रयोगानेंहि पारखून पाहण्यांत आली आहे.

न्यूयॉर्क शहराच्या विद्यापीठानें २००७ सालीं आपल्या कम्युनिटी कॉलेजांत एक उपक्रम सुरू केला. ‘असाप’ या आद्याक्षरी नांवानें तो ओळखला जातो. त्यांत सामील होणाऱ्या विद्यार्थ्यानें पूर्णवेळ शिकलें पाहिजे, अशी अट होती. उलट बाजूनें कॉलेजानें त्याची फीची उरलेली तूट भरून काढली, पुस्तकांसाठीं मदत दिली, आणि शहराच्या आगगाडीचा व बसचा पास दिला. एकाच तुकडींतील विद्यार्थी पहिल्या वर्षीं शक्यतों त्याच त्याच वर्गांत एकत्र राहतील अशी वेळापत्रकाची जुळणी केली. मुख्य म्हणजे प्रत्येकास एक सल्लागार नेमून दिला, आणि त्याला वारंवार भेटणें आवश्यक ठरविलें. एरवीं एका सल्लागाराकडे सहाशें ते पंधराशें विद्यार्थी असत. येथें ती संख्या साठ ते ऐंशींवर आणली. त्यामुळें विद्यार्थ्याचें नांवच नव्हे, तर त्याच्या कामाची पाळी कोणती आणि घरीं कोण आजारी आहे हेंहि सल्लागारास ठाऊक असूं शकत होतें.

या उपक्रमाची परीक्षा लाग्वार्डियासह तीन कॉलेजांत सुमारें नऊशें विद्यार्थ्यांवर झाली. हे सर्व विद्यार्थी बेताच्या प्राप्तीच्या कुटुंबांतले होते, आणि कॉलेजाच्या अभ्यासक्रमापूर्वीं त्यांना भाषेची किंवा गणिताची उजळणी करणें भाग होतें. त्यांपैकीं कोण उपक्रमांत जाणार आणि कोण नेहमींच्या पद्धतीनें शिकणार, हें सोडतीच्या रीतीनें ठरविलें, म्हणजे दोन्ही गट सारखेच राहावेत. तीन वर्षांनंतर नेहमींच्या पद्धतीनें शिकणाऱ्यांपैकीं शेंकडा २२ जणांनीं पदवी मिळविली होती. उपक्रमांतील विद्यार्थ्यांपैकीं शेंकडा ४० जणांनीं. दर विद्यार्थ्यामागें खर्च वाढला हें खरें. पण पदवीधरांची संख्या इतकी वाढली कीं एका पदवीमागें पडणारा खर्च उलट कमी निघाला. पुढें ओहायो संस्थानांतील तीन कॉलेजांत हाच प्रयोग झाला, आणि तेथेंहि शेंकडा १९ विरुद्ध ३५ असा फरक दिसून आला. अर्थात् पूर्णवेळ शिकण्याची अट सर्वांना झेपणारी नाहीं. दिवसभर नोकरी करणाऱ्या आईस त्यांत जागा मिळत नाहीं, आणि तिच्यासाठीं काय करावें हा प्रश्न शिल्लकच राहतो. तथापि, मदत तुकड्यातुकड्यांनीं न देतां एकत्र दिली, आणि तिच्यामागें ओळखीचें माणूस उभें केलें, तर पूर्वीं गळून जाणारे पुष्कळ टिकतात, एवढें यांतून निर्विवाद ठरलें.

याच जाणिवेनें अलीकडे कम्युनिटी कॉलेजांच्या आवारांत धान्याचीं कोठारें उघडलीं आहेत. ज्या विद्यार्थ्याच्या घरीं महिनाअखेर शिधा संपतो, त्यानें तेथून डाळ-तांदूळ, डबाबंद भाजी, दूध न्यावें. कांहीं ठिकाणीं विद्यार्थिनी वर्गांत असतांना त्यांचीं मुलें सांभाळण्याची सोय असते. कांहीं ठिकाणीं संगणक उसना मिळतो, तर कांहीं ठिकाणीं नोकरीच्या मुलाखतीस घालण्यासाठीं चांगला पोषाख. कॉलेजानें शिधा वाटावा हें ऐकून कांहींना नवल वाटेल. पण मराठी माणसाला तें वाटूं नये. पुण्यांत वार लावून जेवणारे आणि माधुकरी मागून शिकणारे विद्यार्थी हा आपल्या विद्येच्या इतिहासाचाच भाग आहे. सोमवार एका घरीं, मंगळवार दुसऱ्या घरीं; म्हणजे सात घरांनीं मिळून एक विद्यार्थी उभा केला. त्या पद्धतींत जातीची मर्यादा होती आणि मिंधेपणाहि होता, हें विसरतां येत नाहीं. तिच्याहून व्यापक पाया दुसऱ्यांनीं घातला. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं १८५५ सालीं पुण्यांत शेतकऱ्यांसाठीं व मजुरांसाठीं रात्रीची शाळा काढली. दिवसाचें काम संपवून येणारा विद्यार्थी हाच तिचा विद्यार्थी होता. भाऊराव पाटील यांनीं १९१९ सालीं रयत शिक्षण संस्था स्थापन केली; ‘कमवा आणि शिका’ हें सूत्र तिच्या वसतिगृहांत प्रत्यक्ष आचरणांत आणलें, आणि निरनिराळ्या जातींच्या मुलांना एका पंक्तीस बसविलें. शिक्षण टिकावयाचें तर पोट, काम आणि सोबत या तिन्हींचा विचार एकत्र करावा लागतो, हें ज्ञान महाराष्ट्रास परकें नाहीं.

भारतांतहि विद्यापीठ अनुदान आयोगानें २०१३ सालीं कम्युनिटी कॉलेजांची योजना आणली. चालू महाविद्यालयांतूनच स्थानिक उद्योगांच्या साहाय्यानें धंदेशिक्षणाचे अल्पमुदतीचे व पदविकेचे अभ्यासक्रम चालवावेत, असें तिचें स्वरूप. अशा योजनांचा विचार करतांना अभ्यासक्रमांच्या यादीइतकेंच लक्ष वर वर्णिलेल्या गोष्टींकडे देणें अगत्याचें आहे. संध्याकाळीं कामावरून येणाऱ्या विद्यार्थ्यास बसावयास जागा कोठें, त्याच्याशीं बोलणारें कोण, आणि तो आला नाहीं तर तें प्रथम कोणाला कळणार?

येथील कांहीं कुटुंबें आपल्या मुलांना पहिलीं दोन वर्षें अमेरिकेंतील कम्युनिटी कॉलेजांत आणि नंतर विद्यापीठांत पाठविण्याचा विचार करतात. त्यांनीं चार गोष्टी आधींच तपासाव्यात. स्वस्त फी ही स्थानिक रहिवाशांपुरती असते. परदेशी विद्यार्थ्याची फी तिच्या कित्येक पट भरते. विद्यार्थी-परवान्यावर गेलेल्यास पूर्णवेळच शिकावें लागतें, आणि सत्र चालू असतांना कॉलेजाच्या आवारांतच, तेंहि आठवड्यास वीस तासांपर्यंत, काम करतां येतें; तेव्हां नोकरी करून शिक्षणाचा खर्च भागेल हा हिशेब जमत नाहीं. कोणत्या विद्यापीठांत कोणते विषय धरले जातात, हें पहिल्याच सत्रांत सल्लागाराकडून लेखी समजून घ्यावें. आणि वसतिगृह नसल्यास मुलगा किंवा मुलगी राहणार कोठें व कोणाच्या सोबतीनें, याची चौकशी फीच्या आंकड्याइतकीच बारकाईनें करावी. त्या मोकळ्या दुपारच्या तासांत घरीं न जातां एखाद्या मंडळांत जाऊन बसावें, हा सल्लाहि देऊन ठेवण्यासारखा आहे. दूरच्या गांवीं पहिली ओळख तेथेंच होते.

एखादें कॉलेज किती जणांना नाकारतें यावरून त्याची प्रतिष्ठा मोजण्याची रीत जगांत सर्वत्र रूढ आहे. ज्या संस्थेनें कोणासच नाकारावयाचें नाहीं असें ठरविलें, तिला हें माप लावतां येत नाहीं. तिची परीक्षा पहिल्या दिवशीं नांव घालणाऱ्यांच्या रांगेवरून व्हावयाची नसते. त्या रांगेंतील किती माणसें दोन-तीन वर्षांनीं पदवी किंवा हुन्नर हातीं घेऊन त्याच गांवांत, त्याच दवाखान्यांत, कारखान्यांत अथवा पुढच्या विद्यापीठांत उभीं आहेत, यावरून ती व्हावयाची असते. दार उघडणें हें काम १९०१ पासून होत आलें आहे; आंत आलेल्या माणसास ओळख देऊन थांबवून घेणें हें काम अद्याप चालू आहे.